'पॅरिसचा बुर्ज्वा' नक्की होता कोण? नाव नसलेल्या एका जुन्या रोजनिशीचा तपास

1405 ते 1449. म्हणजे 44 वर्षं पॅरिस शहरात कुणीतरी बसून लिहीत होतं. पाव महागला, नदीला पूर आला, अमक्याचं डोकं उडवलं, तमक्या चर्चमधून मिरवणूक निघाली, थंडीत लांडगे शहरात शिरले, सगळं लिहिलंय. आणि एवढं सगळं लिहिताना पठ्ठ्याने स्वतःचं नाव एकदाही लिहिलेलं नाही. निदान आज आपल्या हातात जे आहे त्यात तरी नाही, कारण सुरुवातीची पानं गेलेली आहेत, मजकूर मधूनच सुरू होतो, आणि नाव असलंच तर बहुतेक त्या पानांवरच असणार. इतिहासवाले याला 'पॅरिसच्या एका बुर्ज्वाची (म्हणजे शहरातल्या खाऊनपिऊन सुखी नागरिकाची) रोजनिशी' म्हणतात. इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धातलं पॅरिस रस्त्यावरून कसं दिसत होतं हे कळायला याच्याइतकं दुसरं साधन नाही, त्यामुळे हा माणूस कोण होता यावर लोकांनी बरीच डोकेफोड केलीय. मला हे प्रकरण आवडतं, कारण यात निनावी लेखक शोधायच्या जवळपास सगळ्या पद्धती वापरून झाल्यात आणि कुठली पद्धत कुठपर्यंत नेते आणि कुठे दगा देते ते स्वच्छ दिसतं.

पहिल्यांदा हस्ताक्षराचा विषय संपवून टाकू. जुनी हस्तलिखित डायरी म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात पहिलं हेच येतं की अक्षर जुळवा, त्या काळातल्या दुसऱ्या कागदांवर तेच अक्षर सापडलं की झालं काम. इथे तो रस्ता बंद आहे. मुख्य हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे, स्वीडनच्या क्रिस्टिना राणीच्या संग्रहातून तिथे गेलेलं (ही राणी 1654 मध्ये गादी सोडून रोमला येऊन राहिली होती, सोबत पुस्तकांचा हा ढीग). पण ते हस्तलिखित पंधराव्या शतकातलंच असलं तरी कॉपी आहे, लेखकाच्या स्वतःच्या हातची वही नाही. म्हणजे अक्षर जुळवलं तरी फार तर नकलनवीस सापडेल. वर प्रत करताना चुका होतात, शब्द गळतात, एखादं वाक्य भलत्याच जागी जातं, त्यामुळे एखाद्या एकाच शब्दावर मोठी थिअरी उभी करायची तर दहादा विचार करायला पाहिजे. कागद, शाई वगैरे तपासूनही प्रत कधीची तेवढं कळेल, मूळ कुणाचं ते नाही. मग उरतं काय, तर मजकूर. फक्त मजकूर.

आता दुसरी अडचण म्हणजे शीर्षक. ते त्याने दिलेलं नाही, पुढच्या शतकांत ज्यांनी ही रोजनिशी छापली त्यांनी चिकटवलं. बुर्ज्वा म्हटल्यावर वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर कापडाचा व्यापारी, घरदार, बायको, चार पोरं, गल्ल्यावर बसलेला माणूस असंच काहीतरी येतं. एकदा ते चित्र बसलं की सगळा मजकूर आपण त्याच चष्म्यातून वाचायला लागतो, म्हणजे पावाचे, वाइनचे, कोबीचे भाव लिहितोय म्हणजे व्यापारीच असणार! पण भाव कोण लिहीत नाही? ज्याला बाजारातून घेऊन खायचंय तो प्रत्येक माणूस लिहील. उलट मजकुरात काय नाही ते बघा. बायकोचा पत्ता नाही, पोराबाळांचा नाही, दुकानाचा नाही, कुठल्या कारागीर-संघाचा सभासद म्हणून काही काम केल्याचं नाही. 44 वर्षांत घरात एक बारसं नाही की लग्न नाही की बाळंतपण नाही. साथीच्या रोगाने शहर ओस पडतंय आणि हा माणूस स्वतःच्या घरातल्या कुणाबद्दल ओळसुद्धा लिहीत नाही. एखाद्या वर्षी असं झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं, पण चार दशकं? माझ्या मते निनावी डायरी हातात आली की पहिली यादी त्यात जे यायला हवं होतं आणि आलेलं नाही त्याची करावी. लेखक स्वतःबद्दल बोलताना सावध असतो, काय गाळतोय याकडे मात्र त्याचं लक्ष नसतं.

बरं, बायकापोरं नसलेला आणि लिहिता-वाचता येणारा माणूस त्या काळात बहुतेक वेळा चर्चचाच असायचा. पण हा झाला अंदाज. पुरावा मिळतो तो पार शेवटाकडे, 1445-46 च्या नोंदींत. स्पेनमधून वीसेक वर्षांचा एक तरुण पॅरिसला येतो, फर्नांदो द कोर्दोबा त्याचं नाव, हा ऐतिहासिक माणूस आहे, इतर कागदांतही सापडतो. त्याला सगळ्या विद्या येतात, भाषा येतात, गाणं-वाजवणं येतं, तलवारबाजी येते, लोक एवढे हादरतात की हा साक्षात अँटिख्रिस्ट (जगाच्या अंती येणारा ख्रिस्ताचा शत्रू) तर नाही ना अशी कुजबुज चालू होते. आणि मग आपला लेखक म्हणतो की नवार कॉलेजात त्याने आमच्याशी वाद केला, आम्ही विद्यापीठातले पन्नासहून जास्त सगळ्यात पक्के विद्वान होतो आणि वर आणखी तीन हजार.

हे 'आम्ही' फार महत्त्वाचंय. तीन हजारांचा आकडा सोडून द्या, मध्ययुगात आकडे असेच सैल सुटायचे. पण नवार कॉलेज म्हणजे पॅरिस विद्यापीठातलं धर्मशास्त्राचं नावाजलेलं ठिकाण, तिथल्या वादसभेत बसून 'आम्ही' म्हणणारा माणूस कापडाचा व्यापारी असूच शकत नाही. तो विद्यापीठाचा माणूस आहे आणि वयाने ज्येष्ठ आहे. शिवाय हे वाक्य बढाई म्हणून आलेलं नाही. त्याला सांगायचंय त्या पोराबद्दल, आपण तिथे होतो हे ओघात निसटलंय. अशी निसटलेली वाक्यं मी प्रस्तावनेत ठासून सांगितलेल्या ओळखीपेक्षा जास्त धरतो, कारण ती देताना लेखकाला काही सिद्ध करायचं नसतं.

'मी' अशा स्पष्ट रूपात तो फार कमी वेळा येतो. जिथे येतो त्यातली सगळ्यात मस्त जागा 1427 ची. ऑगस्टमध्ये पॅरिसबाहेर ला शापेलला भटक्यांचा एक तांडा येऊन उतरतो, शंभर-सव्वाशे माणसं. आज ज्यांना आपण जिप्सी किंवा रोमा म्हणतो त्यांचं पॅरिसमधलं हे पहिलं वर्णन मानतात. सगळं शहर बघायला लोटतं. त्यांच्या बायका हात बघून भविष्य सांगतात आणि सांगता सांगता खिसा हलका करतात अशी बोंब होते. तेव्हा हा लिहितो की खरं सांगायचं तर मी तीन-चार वेळा त्यांच्याशी बोलायला गेलो, माझा एक छदामही गेला नाही आणि त्यांना कुणाचा हात बघतानाही मी पाहिलं नाही, पण लोक सगळीकडे असं म्हणत होते. पुढे बिशप जातो आणि हात दाखवणाऱ्या सगळ्यांना बहिष्कृत करतो.

आता यातून काय काय निघतं बघा. एक तर दिवसाढवळ्या शहराबाहेर तीन-चारदा जाऊन गप्पा मारायला त्याच्याकडे वेळ आहे. दुसरं म्हणजे तो ऐकीव आणि पाहिलेलं यात फरक करतो. साक्षीदार म्हणून हे सोनं आहे, कारण मग तो जिथे 'मी पाहिलं' म्हणतो तिथे आपण थोडा जास्त विश्वास टाकू शकतो. आणि तिसरं मला गंमतशीर वाटतं. चर्चचा माणूस असून बिशपच्या कारवाईवर टाळ्या पिटत नाही, नुसती नोंद करतो, आणि त्याच्या आधी स्वतःची साक्ष जवळपास विरुद्ध बाजूने देऊन ठेवतो. बिशप लोकांशी त्याचं एकूणच जमत नसावं. 1440 च्या सुमारास बिशप द्यनी द्यु मूलँने पैशाच्या वादातून इनोसाँची दफनभूमी चार महिने बंद ठेवली, तिथे कुणाला पुरता येईना, त्यावर हा चांगलाच उखडलाय. म्हणजे चर्चचा माणूस असला तरी तो वरच्यांच्या मर्जीतला नव्हता, किंवा निदान कागदावर तरी तसा वागत नव्हता.

शिक्षण कितपत झालं होतं हा प्रश्न पटकन सुटतो. 1418 मध्ये बर्गंडीच्या ड्यूकच्या पक्षाने पॅरिस घेतलं आणि त्यांच्या विरोधी आर्मान्याक पक्षाच्या लोकांची कत्तल झाली, ते सांगताना हा अचानक शैली बदलतो आणि कलहाची देवी बुरुजातून उठली, तिने क्रोधाला जागं केलं, लोभाला, सूडाला जागं केलं, अशी रूपकं लावत जातो. अलंकारशास्त्र शिकलेल्या माणसाचं हे काम. अधूनमधून लॅटिनही येतं. पण रोजनिशी फ्रेंचमध्ये आहे, विद्यापीठाच्या लॅटिनमध्ये नाही, आणि कान रस्त्यावरच्या बोलण्याला लागलेला आहे. लांडग्यांच्या नोंदीच घ्या ना. 1439 च्या सप्टेंबरात माँमार्त्र ते सेंट-अँतवान वेशीच्या पट्ट्यात लांडग्यांनी 14 माणसं खाल्ली. त्यातल्या एका बिनशेपटीच्या लांडग्याला लोकांनी 'कुर्तो' म्हणजे बांड्या असं नाव ठेवलेलं, शेतावर निघालेल्याला लोक कुर्तोपासून जपून राहा म्हणून सांगायचे. शेवटी तो मारला गेला आणि त्याला हातगाडीवर जबडा उघडा ठेवून गावभर फिरवलं. हे सगळं याने टिपलंय. वाचनालयात कोंडून घेतलेल्या पंडिताचं हे लक्षण नाही.

मग हा फिरत कुठे होता? माझ्या मते खरी मजा इथून चालू होते. जिथे घटना राजकीय आहे तिथे जागा आपोआप ठरते, राजवाड्यातली गोष्ट राजवाड्यातच होणार, त्यातून लेखकाबद्दल काही कळत नाही. म्हणून त्या बाजूला ठेवायच्या आणि फक्त फुटकळ, तमाशाछाप गोष्टी घ्यायच्या, ज्या नोंदवल्या नसत्या तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. 1425 मध्ये चार आंधळ्यांना चिलखत चढवून, हातात दांडकी देऊन डुक्कर मारायला सोडलं, डुकरापेक्षा एकमेकांनाच जास्त फटके बसले, हा क्रूर खेळ झाला सेंट-ऑनोरे रस्त्यावरच्या आर्मान्याक वाड्यात. इनोसाँच्या दफनभूमीत मृत्यूच्या नाचाचं ते प्रसिद्ध भित्तिचित्र 1424 च्या ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढच्या लेंटमध्ये (ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत) संपलं, हे आपल्याला कळतं याच्यामुळे. 1427 मध्ये एनो प्रांतातून मार्गो नावाची अठ्ठावीस-तीस वर्षांची बाई आली, हाताने चेंडू मारायच्या खेळात भल्याभल्या पुरुषांना हरवायची, ती खेळायची ग्रेनिये-सेंट-लाझार गल्लीतल्या कोर्टावर. 1418 मध्ये सेंट-युस्ताश चर्चमध्ये बर्गंडीवाल्यांच्या मंडळाने लाल गुलाबांचे मुकुट घातले आणि चर्चभर गुलाबाचा वास सुटला. 1429 मध्ये फ्रान्सिस्कन साधू ब्रदर रिशार पहाटे पाचपासून पाच-सहा तास प्रवचन देत उभा राहिला, तेही इनोसाँमध्ये, त्याच नाचाच्या चित्राजवळ.

नकाशावर ठिपके टाकले की ते सगळे सेन नदीच्या उजव्या काठावर पडतात, बहुतेक बाजारपेठेच्या म्हणजे लेझालच्या आसपास, आणि जिप्सींचं ला शापेलही त्याच बाजूला उत्तरेला. विद्यापीठ आहे डाव्या काठावर. म्हणजे माणूस विद्यापीठाचा, पण वावर बाजाराकडचा. अर्थात ठिपके उजव्या काठाला जास्त पडणारच कारण शहराची जास्त वस्ती आणि धंदा तिकडेच होता, हा आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणून एवढ्यावर मी घराचा पत्ता लिहिणार नाही. पण विद्यापीठाची जागा म्हणजे नवार कॉलेज त्याच्या लिखाणात येतं ते पाहुणा तमाशा करायला आला तेव्हा, आणि गल्लीतल्या कोर्टावरची मार्गो येते ती कोपऱ्यावर भेटल्यासारखी. हा फरक मला नोंद घेण्यासारखा वाटतो.

तिसरं ठिकाण आहे नदीच्या मधलं बेट, तिथलं नोत्र-दाम, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. इथे 1431 ची मेजवानी बघू. पॅरिस तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं, आणि त्या डिसेंबरात इंग्लंडच्या लहानग्या सहाव्या हेन्रीला पॅरिसमध्ये फ्रान्सचा राजा म्हणून मुकुट चढवला, 16 तारखेला, नोत्र-दाममध्ये. नंतर राजवाड्याच्या मोठ्या दालनात जेवण. आपला लेखक प्रचंड वैतागलाय. एक तर गर्दी अशी की पार्लमाँचे म्हणजे राजाच्या वरच्या न्यायालयाचे लोक, विद्यापीठाचे लोक, नगरशेठ यांना वर चढताच येईना, आणि कसेबसे पोचले तर त्यांच्या जागांवर चांभार, मोहरीची चटणी विकणारे, गवंड्याच्या हाताखालचे असे लोक बसलेले, एकाला उठवावं तर दुसऱ्या बाजूने चार बसायचे. दुसरं म्हणजे जेवण शिळं, आदल्या गुरुवारी शिजवून ठेवलेलं. आणि मग हे वाक्य येतं की ओतेल-दिय इस्पितळातले आजारी लोकसुद्धा म्हणाले, एवढं भिकार उष्टं पॅरिसमध्ये आम्ही कधी बघितलं नाही.

या एका प्रसंगात दोन क्लू आहेत. जागा न मिळाल्याचा राग विद्यापीठ आणि पार्लमाँच्या बाजूने आलेला आहे, चांभाराच्या बाजूने नाही, म्हणजे मेजवानीत तो कुठल्या रांगेत उभा होता ते कळतं. आणि ओतेल-दिय हे इस्पितळ नोत्र-दामला चिकटून, त्याचा कारभार नोत्र-दामच्या कॅननमंडळाकडे (कॅनन म्हणजे त्या चर्चवर नेमलेले पाद्री). उरलेलं अन्न तिथल्या रोग्यांना गेलं आणि त्यावर रोगी काय बोलले, ही बातमी कुणाच्या कानावर पहिल्यांदा येणार? आता हा विनोद शहरभर फिरला असेलही, नाकारता येत नाही. पण नोत्र-दामच्या वर्तुळातला माणूस ही थिअरी ज्यांनी मांडली त्यांना असे धागे बरेच सापडलेत, आणि एकत्र धरले की ते बऱ्यापैकी वजनदार होतात.

राजकारणाबद्दल थोडक्यात. पॅरिस विद्यापीठ बर्गंडीच्या बाजूने होतं आणि हाही आहे, आर्मान्याक म्हटलं की त्याच्या तोंडाला फेस येतो. विरोधी बाजूने, म्हणजे फ्रेंच राजा सातव्या चार्ल्ससाठी लढणाऱ्या जोन ऑफ आर्कबद्दल लिहिताना बाईच्या रूपातला एक प्राणी, ती काय होती देवच जाणे, असा सूर. 8 सप्टेंबर 1429 ला तिने पॅरिसवर हल्ला केला तो दिवस मेरीच्या जन्माच्या सणाचा, याचा त्याला भयंकर राग. ब्रदर रिशारच्या प्रवचनाने लोकांनी पत्ते-सोंगट्या जाळल्या होत्या, पण तो साधू जोनच्या फौजेबरोबर फिरतोय कळल्यावर त्याच लोकांनी त्याला शिव्या घालत खेळ परत चालू केले, हे तो सांगतो. पण तो कुणाचा भाट नाही. इंग्रज आल्यावर इंग्रजांवर चिडतो, 1436 मध्ये सातव्या चार्ल्सच्या लोकांनी पॅरिस परत घेतल्यावर त्यांच्या करांवर चिडतो, आणि 1420-21 च्या हिवाळ्यात उकिरड्यांवर भुकेने थंडीने मरणारी वीस-तीस पोरं कशी ओरडत होती ते लिहिताना कुठल्याच पक्षाचा राहत नाही. यातून ओळख पटवायला फारशी मदत होत नाही, कारण विद्यापीठातले शेकडो लोक असेच होते.

एक तांत्रिक खड्डा सांगून ठेवतो, कारण तारखा जुळवताना माणूस त्यात पडतो. त्या काळी पॅरिसमध्ये वर्ष बदलायचं ईस्टरला. 1 जानेवारीला वर्ष सुरू करायचा हुकूम फ्रान्समध्ये निघाला 1564 मध्ये. म्हणजे रोजनिशीतली फेब्रुवारी 1424 ची नोंद आपल्या हिशोबाने फेब्रुवारी 1425 ची असते. कुणी उमेदवार अमुक महिन्यात पॅरिसमध्ये होता की नव्हता हे तपासताना एका वर्षाची चूक झाली की निर्दोष माणूस अडकतो किंवा खरा सुटतो. ईस्टरची तारीख दरवर्षी हलते, त्यामुळे सरसकट एक मिळवूनही चालत नाही, प्रत्येक नोंद सणावरून ताडून बघावी लागते.

आता उमेदवार. एकोणिसाव्या शतकात दोन नावं जोरात पुढे आली. ओग्युस्त लोंन्यों या अभ्यासकाने 1870 च्या दशकात सुचवलं झाँ बोरिगू, सेंट-निकोला-दे-शाँ या चर्चचा पाळक. मग 1881 मध्ये अलेक्सांद्र त्युएते या अभिलेखपालाने रोम आणि पॅरिसची हस्तलिखितं ताडून रोजनिशीची चांगली आवृत्ती काढली आणि प्रस्तावनेत नाव घेतलं झाँ शुफारचं. शुफार मोठी असामी होती, नोत्र-दामचा कॅनन आणि चान्सलर, विद्यापीठातलं वजनदार नाव, आणि फ्रान्सच्या इझाबो राणीचा चान्सलर म्हणजे कारभारी. मेला 1451 मध्ये, म्हणजे 1449 ला रोजनिशी थांबते त्याच्याशीही जमतं. कागदावर बघाल तर सगळे टिकमार्क. विद्यापीठ आहे, नोत्र-दाम आहे, वय जुळतंय, आणि राणीबद्दलच्या नोंदींत सूर मऊ का याचंही उत्तर मिळतं. बरीच वर्षं हे नाव चाललं, अजूनही कुठे कुठे उत्तर म्हणून छापलेलं दिसतं.

मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते राणीच्याच नोंदींवरून सांगतो. डिसेंबर 1431 मध्ये लहानगा हेन्री शहरात आला तेव्हा मिरवणूक सेंट-पोल वाड्यावरून गेली. खिडकीत इझाबो उभी, त्याची आजी. पोराने टोपी काढून नमस्कार केला, तिने नम्रपणे वाकून उत्तर दिलं आणि रडत तोंड फिरवलं. काय सुंदर नोंद आहे! पण कॅमेरा कुठे ठेवलाय बघा. खाली रस्त्यावर. खिडकीतल्या बाईने तोंड फिरवलं, बस, त्यापुढे आत काय झालं ते नाही. 1435 मध्ये ती गेली, तिचं प्रेत होडीतून सेंट-दनीला नेलं, तेही काठावर उभ्या माणसाला दिसेल तेवढंच. जो माणूस त्या राणीचा चान्सलर, ज्याचं तिच्या वाड्यात जाणंयेणं, तो 44 वर्षांच्या खाजगी वहीत एकदाही दाराच्या आत पाऊल टाकत नाही? सावधगिरी म्हणाल तर हाच माणूस बिशपला नाव घेऊन झोडतो, राजांच्या करांवर तोंड सोडतो. मग फक्त राणीच्या वाड्याबाबत एवढा संयम कुठून आला?

दुसरी गोष्ट पैशाची. शुफारकडे पदांची रांग होती, म्हणजे उत्पन्नाचीही. रोजनिशीतला माणूस पावाच्या वजनातला आणि भावातला फरक असा नोंदवतो की त्याला स्वतःला तो जाणवतोय. श्रीमंत माणूसही भाव लिहू शकतो, मान्य, पण चिडतो वेगळ्या पद्धतीने.

बोरिगूकडे बघितलं तर नकाशा छान जुळतो. सेंट-निकोला-दे-शाँ उजव्या काठावर, मार्गोच्या कोर्टापासून अगदी जवळ, बाजार आणि इनोसाँही चालत जाण्यासारखे. वस्तीतल्या चर्चच्या पाळकाला दफनभूमी बंद झाल्याचा राग येणं स्वाभाविक, कारण लोक त्याच्याच दारात येणार. पण त्याला ओतेल-दियचे धागे कमी जुळतात, आणि नवार कॉलेजात सगळ्यात पक्क्या पन्नासांत त्याची खुर्ची होती का हे वेगळं दाखवावं लागेल. शिवाय एक पाळक जवळ राहतो म्हणून तोच लेखक, असं म्हणायचं तर त्या भागातल्या प्रत्येक चर्चचा पाळक रांगेत उभा करावा लागेल.

इथेच या प्रकारच्या तपासातली नेहमीची फसगत दिसते. आधी मजकुरातून प्रोफाइल काढतात, ते बहुतेक बरोबर असतं. मग त्या प्रोफाइलमध्ये बसणारा ज्याचे कागद भरपूर शिल्लक आहेत असा माणूस सापडतो, आणि बसतोय म्हणजे तोच, असं ठरतं. शुफार पुढे आला त्याचं एक कारण त्याच्याबद्दल खूप माहिती मिळते हेही आहे. त्याच वर्तुळातला दुसऱ्या फळीतला, कधी विद्यापीठाचा रेक्टर म्हणजे प्रमुख न झालेला, कुठल्या राणीचं काम न केलेला कॅनन किंवा धर्मशास्त्राचा मास्टर दप्तरात एखाद्या सहीपुरता उरलेला असेल. रोजनिशीतला आवाज तर मला अशाच दुसऱ्या फळीतल्या माणसाचा वाटतो, सभेला बोलावतात पण मेजवानीत जागा मिळत नाही असा.

एकच लेखक होता का हाही प्रश्न लोक विचारतात, 44 वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. मला एकच वाटतो. शिव्या त्याच आहेत, बाजारभावावरून हवामानावर आणि हवामानावरून राजकारणावर उडी मारायची सवय तीच आहे. मात्र पहिल्या काही वर्षांच्या नोंदी त्याने त्याच वेळी केल्या की नंतर आठवून आणि दुसऱ्यांचं ऐकून भरल्या हे उघडं ठेवलेलं बरं, कारण त्यावर त्याचं जन्मवर्ष अवलंबून आहे. 1405 ला स्वतः लिहीत असेल तर तेव्हा विशीचा तरी हवा, म्हणजे 1449 ला साठीच्या बराच पुढे, आणि तेवढं जगलेले लोक त्या काळात मोजके. नंतर भरल्या असतील तर चाळणी दहा वर्षांनी सैल होते आणि उमेदवार भराभर वाढतात.

नाव ठरवायचं असेल तर माझ्या दृष्टीने काम उरतं ते उलट्या बाजूने करायचं. नोत्र-दामच्या कॅननमंडळाच्या बैठकांची दप्तरं पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. रोजनिशीतल्या ज्या नोंदी नक्की डोळ्यांनी पाहिलेल्या वाटतात तेवढ्या वेगळ्या काढायच्या, 1427 चा ला शापेल, 1431 ची मेजवानी, 1445-46 ची वादसभा, ईस्टरचा घोळ निस्तरून तारखा लावायच्या, आणि त्या दिवसांत जो शहराबाहेर होता असं दप्तरात दिसतं त्याचं नाव खोडायचं. शुफारला यातून सूट नको आणि बोरिगूलाही नको. शेवटी तीन-चार नावं उरली तर तीन-चारच छापावीत, आणि मुखपृष्ठावर 'पॅरिसमधला चर्चचा एक माणूस' एवढंच घालावं, कारण तेवढं मजकुरातून खरंच सिद्ध होतं.